हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स नोकरी करत करत शिकायचं तर: परदेशी मास्टर्स, आपल्याकडची डिस्टन्स डिग्री, की छोटे छोटे कोर्स?

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात जेवणं झाली होती, आंबिलाचा दुसरा तांब्या फिरत होता आणि मावसबहिणीनं विषय काढला, "दादा, तू ते केलतास ना, हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स का काय ते, ते घरबसल्या होतंय का रे, मला करायचंय." ती परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, पर्मनंट. शेजारी तिचा दीर बसलेला, तो इंजिनियर, संभाजीनगरला वाळूजला कंपनीत आहे, त्यालाही हेच विचारायचं होतं पण त्याचं कारण वेगळं, त्याला हैदराबादला हेल्थकेअर आयटीत शिरायचंय. मी तिथं उंडे-भज्जीच्या सुस्तीत जे उत्तर दिलं ते अर्धवट होतं आणि दोघांना एकच उत्तर दिलं ही त्याहून मोठी चूक होती, म्हणून आता नीट बसून लिहितोय.

माझं थोडक्यात सांगतो म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी लातूरला एका खासगी हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन म्हणून लागलो. तिथं हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं तेव्हा लॅबचं सगळं माझ्या गळ्यात पडलं, कुठल्या टेस्टला कुठला कोड, रिपोर्ट कुणाच्या स्क्रीनवर कधी दिसणार, लहान लेकराची नॉर्मल रेंज वेगळी धरायची का नाही, आणि तिथनंच गोडी लागली. नंतर इंग्लंडच्या एका विद्यापीठात पार्ट टाइम ऑनलाइन मास्टर्सला अ‍ॅडमिशन घेतलं, आणि ६० क्रेडिटला पीजी सर्टिफिकेट घेऊन उतरलो. का उतरलो ते खाली येईलच.

आधी हे म्हणजे नेमकं काय

लोकांच्या डोक्यात तीन गोष्टींची खिचडी असते. डेटा एंट्री वेगळी, मेडिकल कोडिंग वेगळं आणि हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स वेगळं. मेडिकल कोडिंगचे जे क्लास हैदराबाद-पुण्यात चालतात ते बहुतेक अमेरिकेतल्या इन्शुरन्स क्लेमसाठी, तिथं आजारांच्या कोडच्या यादीचं आयसीडी-१०-सीएम हे अमेरिकेचं स्वतःचं व्हर्जन चालतं, डब्ल्यूएचओचं मूळ आयसीडी-१० नाही. ते चांगलं काम आहे, पोट भरतं, पण ते या विषयाचा एक कोपरा आहे. इन्फॉर्मॅटिक्स म्हणजे पेशंटची माहिती कुठं तयार होते, कशी साठवायची, एका मशीनची दुसऱ्या मशीनला कशी कळायची, आणि शेवटी त्यातून डॉक्टरला किंवा टीएचओला (तालुका आरोग्य अधिकाऱ्याला) निर्णय घेता येईल असं काहीतरी कसं काढायचं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात ऑगस्टमध्ये गरोदर बाईची नोंद झाली, माता-बालकांच्या नोंदीच्या सरकारी आरसीएच पोर्टलवर नंबर पडला, दोन तपासण्या झाल्या. दिवाळी झाली की टोळी ऊसतोडीला गेली, कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात. बाळंतपण तिकडंच झालं. मार्च-एप्रिलात बाई लेकरू घेऊन परत आली आणि इकडं रेकॉर्डला प्रसूतीचा रकाना रिकामाच, तिकडं तिची नवीन नोंद, एकीकडं सुनीता दुसरीकडं सुनिता, एकीकडं नवऱ्याचं नाव दुसरीकडं बापाचं, मोबाइल नंबर मुकादमाचा. आता ही एक बाई आहे का दोन? लसीकरण कुठल्या गावाच्या खात्यावर? आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं आणि त्यातला १४ अंकी आभा नंबर नेमका याच दुखण्यावर काढलेला आहे, की माणूस कुठंही गेला तरी कागद त्याच्या मागं जावा. पण नंबर काढला म्हणजे रेकॉर्ड जोडलं गेलं असं होत नाही, आणि का होत नाही, ते या कोर्समध्ये शिकवतात. माझ्या इंग्लंडच्या सरांना मी असाइनमेंटमध्ये ऊसतोडीचं उदाहरण दिलं तर त्यांनी दोनदा मेल करून विचारलं की हे लोक सहा महिने नेमके राहतात कुठं.

एक नियम, जो कुणीही एजंट सांगणार नाही

२०२१ मध्ये केंद्रानं अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा आयोग करणारा कायदा केला. त्याच्या यादीत फिजिओथेरपी, लॅब वगैरे आहेतच, पण हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट आणि हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स हाही एक गट आहे, त्यात मेडिकल रेकॉर्डवाले आणि क्लिनिकल कोडर येतात. आणि यूजीसीनं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगून टाकलं की या कायद्याखाली येणारे विषय जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून डिस्टन्स किंवा ऑनलाइन शिकवायचे नाहीत. म्हणजे भारतातल्या विद्यापीठाची, घरबसल्या, "हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स" याच नावाची डिग्री असं कुणी तुम्हाला आज विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. यूजीसीच्या डिस्टन्स ब्युरोच्या साइटवर विद्यापीठाचं नाव, कोर्सचं नाव आणि कुठल्या सत्राला मान्यता, या तिन्ही गोष्टी बघायच्या, नुसतं विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे म्हणून कोर्स मान्यताप्राप्त होत नाही.

हे मी एवढं ठासून सांगतोय कारण आमच्याकडच्या एका क्लासवाल्याला मी स्वतः, हे सगळं सुरू व्हायच्या कितीतरी आधी, मेडिकल रेकॉर्डच्या डिप्लोम्याचे पैसे दिले होते. पुस्तकं आली नाहीत, परीक्षा क्लासमध्येच पुस्तक उघडून झाली, आणि सर्टिफिकेट आलं ते असं चकचकीत की लग्नपत्रिका वाटावी. अजून कपाटात आहे. दाखवायची सोय नाही.

म्हणून खरी निवड आता अशी उरते: एक, परदेशी विद्यापीठाचं पार्ट टाइम ऑनलाइन. दोन, आपल्याकडची शेजारच्या विषयाची मान्यताप्राप्त डिग्री, म्हणजे कॉम्प्युटर, डेटा सायन्स, स्टॅटिस्टिक्स, आणि आरोग्याचा भाग स्वतःच्या कामातून आणायचा. तीन, छोटे कोर्स एकावर एक रचत जायचं. चौथा रस्ता म्हणजे नोकरी सोडून पुण्या-दिल्लीला फुल टाइम, दिल्लीच्या आयआयएचएमआरला मॅनेजमेंट डिप्लोम्यात हेल्थ आयटीचा वेगळा प्रवाह आहे, पण तो या लेखाचा विषय नाही आणि पर्मनंट नर्सनं नोकरी सोडायचा सल्ला देऊन मी दाजींच्या शिव्या खाणार नाही.

तासांचा हिशोब

जाहिरातीत "फ्लेक्सिबल" असं लिहिलेलं असतं. फ्लेक्सिबल म्हणजे कमी अभ्यास असं नव्हे, अभ्यास तेवढाच, फक्त कधी करायचा ते तुम्ही ठरवायचं, आणि घरातले लोकही ठरवतात, हे जाहिरातीत नसतं.

इंग्लंडची पद्धत सरळ आहे. मास्टर्स १८० क्रेडिटचं, १२० ला पीजी डिप्लोमा, ६० ला पीजी सर्टिफिकेट, आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे पूर्ण मास्टर्स १८०० तास. तीन वर्षांत करायचं म्हटलं तर आठवड्याला साडेअकरा तास पडतात, एकही आठवडा न चुकवता, म्हणजे दिवाळी, सोयाबीनची रास, घरातलं लग्न, लेकराचा ताप, सगळं धरून. मी हे गणित अ‍ॅडमिशन घेतल्यावर केलं. आधी करा.

आणि ते तास दिवसाचे कुठले. लेक्चर रेकॉर्डेड असतात, पण ग्रुपवर्क आणि वेबिनार लाइव्ह, आणि त्यांची संध्याकाळ सहाची वेळ म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात साडेदहा, हिवाळ्यात रात्री साडेअकरा. त्यांनी घड्याळ पुढंमागं केलं त्या आठवड्यात मी एकदा तासभर आधीच जाऊन बसलो होतो, एकटाच, कानात हेडफोन घालून. बायको म्हणली, "काय करूलालाव एवढ्या रात्री?" काय सांगणार.

इग्नूचं वेगळं. जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत प्रवेश, असाइनमेंट घरी लिहायच्या, आणि सत्राच्या शेवटची परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये सेंटरवर जाऊन. एमसीए दोन वर्षांचं आहे पण चार वर्षांपर्यंत ओढता येतं. इथं रोजचा तगादा नाही, तोच धोका आहे. कुणी विचारत नाही म्हणून पुस्तकाचा गठ्ठा फडताळात जातो आणि नोव्हेंबरमध्ये हॉल तिकिटाची आठवण येते. डिसेंबरची परीक्षा लांबली की येळवस त्यातच सापडते, तेवढी मानसिक तयारी ठेवा. आपल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची विभागीय केंद्रं संभाजीनगर आणि नांदेडला आहेत, ज्यांची साधी पदवीच राहिलीय त्यांनी आधी तिथून ती पूर्ण करून घ्यावी, पदवीशिवाय पुढचे बरेच दरवाजे बंद असतात.

मला सगळ्यात हिशोबी वाटतं ते आयआयटी मद्रासचं ऑनलाइन बीएस, डेटा सायन्सचं, २०२० ला सुरू झालं. जेईई लागत नाही, बारावी झालेली असली की चार आठवडे शिकवतात आणि त्यावर पात्रता परीक्षा. वर्षात तीन टर्म, जानेवारी, मे, सप्टेंबर. एका टर्मला एकच कोर्स घेतला तरी चालतो आणि जेवढे कोर्स घेतले तेवढीच फी. क्विझ आणि फायनल मात्र सेंटरवर, रविवारी, प्रत्यक्ष जाऊन. जात आणि उत्पन्नानुसार फीत मोठी सूट आहे, तहसीलची कागदपत्रं आधीच काढून ठेवा, सेतूवर गर्दी कायमच असते. फाउंडेशनला आठ कोर्स, तिथं गणित आणि स्टॅटिस्टिक्स चांगलंच लागतं, "मी नर्सिंगवाली, मला गणित कुठं" असं म्हणाल तर पहिल्या टर्मला रडू येईल, पण दुसऱ्या टर्मला येणार नाही असं माझ्या ओळखीच्या दोघांनी सांगितलंय.

छोट्या कोर्सचे तास मोजण्यात अर्थ नाही, कोर्सेरावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं हेल्थ इन्फॉर्मॅटिक्सचं स्पेशलायझेशन आहे, महिन्याच्या वर्गणीवर चालतं, फायनान्शियल एडचा अर्ज केला तर पैसे बरेच वाचतात, अर्जात चार ओळी मनापासून लिहायच्या आणि दोन-तीन आठवडे वाट बघायची. डीएचआयएस२ हे ओस्लो विद्यापीठानं वाढवलेलं आरोग्य आकडेवारीचं सॉफ्टवेअर, त्यांचा फंडामेंटल्स नावाचा कोर्स फुकट आहे, आणि दर महिन्याला एचएमआयएसचा, म्हणजे सरकारी आरोग्य आकडेवारीचा, रिपोर्ट भरणाऱ्या माणसाला तो पहिल्या दिवसापासून कळतो कारण आपण भरतो तेच तिकडं उलट्या बाजूनं दिसतं.

पैसे

इथं पटकन उरकतो. परदेशी मास्टर्सची फी बऱ्याच ठिकाणी दहा लाखांच्या पुढं जाते आणि ती पौंडात किंवा डॉलरमध्ये असते, हप्ते करून घेतले तर दर हप्त्याला रुपया थोडा आणखी घसरलेला असतो, मला दुसरा हप्ता पहिल्यापेक्षा जड गेला, रक्कम तीच. इंग्रजीची आयईएलटीएस मागितली तर तो खर्च वेगळा. याला एक अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकचं ऑनलाइन मास्टर्स इन कॉम्प्युटर सायन्स, २०१४ पासून चालू आहे, दहा कोर्स, पूर्ण डिग्री सात हजार डॉलरच्या आसपास, आणि त्यात हेल्थ इन्फॉर्मॅटिक्सचा एक कोर्स आहे ज्यात एफएचआयआर, म्हणजे आरोग्याची माहिती एका सॉफ्टवेअरकडून दुसऱ्याकडं पाठवायचं स्टँडर्ड, हाताळायला देतात. पण तिथं कॉम्प्युटरची किंवा तत्सम डिग्री लागते आणि प्रोग्रॅमिंग येत नसेल तर जाऊच नका. हे दिरासाठी लिहिलंय. इग्नू, आयआयटीची सूट असेल तर, आणि छोटे कोर्स, हे पगारातून बसतात, कर्ज काढायची वेळ येत नाही.

कुठं उतरता येतं

नोकरी करून शिकणाऱ्यानं कोर्स निवडताना सिलॅबसच्या आधी हे बघायचं असं माझं मत आहे, की मधेच थांबावं लागलं तर हातात काय राहतं. कारण थांबावं लागतंच. मला लागलं. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला वडील पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, चार महिने मी रात्री हॉस्पिटलात आणि दिवसा त्याच हॉस्पिटलात ड्यूटीवर होतो. एक टर्म पुढं ढकलायची परवानगी मिळाली, पण परत सुरू करायची ताकद राहिली नव्हती, आणि पैसेही. तोपर्यंत ६० क्रेडिट झाले होते म्हणून पीजी सर्टिफिकेट मिळालं. ५० ला थांबलो असतो तर मार्कांची एक यादी मिळाली असती, बस.

म्हणून परदेशी विद्यापीठाला अर्ज करायच्या आधी मेल करून लेखी विचारा: मधे थांबलं तर कुठल्या टप्प्याला काय मिळतं, किती काळ ब्रेक घेता येतो, ब्रेकमध्ये फी चालू राहते का, आणि एकूण किती वर्षांत पूर्ण करावं लागतं. काही ठिकाणी थेट पीजी सर्टिफिकेटलाच प्रवेश देतात, मग जमलं तर पुढं वाढवायचं. मी आज परत घेतलं तर तसंच घेईन. आयआयटीच्या बीएसलाही टप्पे आहेत, फाउंडेशन, मग डिप्लोमा, मग बीएससी, मग बीएस, जिथं उतराल तिथला कागद मिळतो. इग्नूच्या एमसीएला मात्र वेळ भरपूर असला तरी शेवटपर्यंत जाण्यातच मजा आहे. छोट्या कोर्सला तर प्रत्येक कोर्सच एक स्टॉप, लाल डब्यासारखं, हात केला की थांबतंय.

कागदाची किंमत कुठं किती

यूजीसीनं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त विद्यापीठाची डिस्टन्स किंवा ऑनलाइन डिग्री ही रेग्युलर डिग्रीच्या बरोबरीची. म्हणजे सरकारी जाहिरातीत एमसीए मागितलं असेल तर इग्नूचं चालतं. परदेशी ऑनलाइन डिग्रीचं तसं नाही, तिला इथं समकक्षता लागते आणि ती घरबसल्या केलेल्या डिग्रीला सहज मिळत नाही, त्यामुळं सरकारी पदावर डोळा ठेवून परदेशी ऑनलाइन मास्टर्स करणं हा मला तरी उलटा व्यवहार वाटतो. खासगीत, हैदराबाद-पुणे-बंगळुरूच्या कंपन्यांत तिला वजन आहे, पण तिथंही पहिल्या दोन प्रश्नांनंतर "तुम्ही काय बांधलंय ते दाखवा" यावरच येतात.

मावसबहिणीसाठी एक कडू गोष्ट. नर्सिंगमधली प्रमोशनची शिडी नर्सिंगच्या शिक्षणावर आणि सेवाज्येष्ठतेवर चालते, हेल्थ इन्फॉर्मॅटिक्सनं परिसेविका होता येत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानात (एनएचएम) डेटाची, एम अँड ईची म्हणजे देखरेख-मूल्यमापनाची पदं असतात पण ती कंत्राटी, अकरा महिन्यांचा करार, आणि पर्मनंट सोडून तिकडं जाणं म्हणजे विहीर सोडून टँकरची वाट बघणं. मग तिला उपयोग काय? आहे. हॉस्पिटलात कुठलंही नवीन पोर्टल आलं की सगळे ज्या एका माणसाकडं बघतात तो माणूस ती होऊ शकते, आणि खासगीतल्या तिच्या मैत्रिणींना तर सरळ पगाराचा फरक पडतो, कारण महात्मा फुले योजनेचे क्लेम, हॉस्पिटलच्या दर्जाच्या एनएबीएच मान्यतेची कागदपत्रं, आभा जोडणी, हे सगळं करायला वॉर्ड कळणारा आणि कॉम्प्युटरही कळणारा माणूस लागतो आणि तो लातूरलाच काय, संभाजीनगरलाही चटकन मिळत नाही. सरकारी नोकरीत असाल तर कोर्स सुरू करायच्या आधी ऑफिसची ना हरकत मात्र घ्या, नंतर सर्व्हिस बुकात नोंदीसाठी फिरावं लागतं.

कुठून आलात त्यावर सगळं आहे

येळवशीला माझी जी चूक झाली ती हीच. या विषयाला दोन दारं आहेत, एक वॉर्डातनं आणि एक कॉम्प्युटरच्या खोलीतनं, आणि जो ज्या दारानं येतो त्याला दुसऱ्या बाजूचं शिकायचं असतं.

नर्स, फार्मासिस्ट, लॅबवाले, उपकेंद्रातले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), बीएएमएस डॉक्टर, यांना पेशंट कळतो. त्यांना डेटाबेस, त्यातून माहिती काढायची एसक्यूएल भाषा, थोडं स्टॅटिस्टिक्स आणि स्टँडर्डची भाषा हवी. उदाहरणार्थ साप चावलेला पेशंट आला, आपण रजिस्टरला लिहितो "सर्पदंश". आयसीडी-१० मध्ये सापाचं विष म्हणजे टी६३.०, आणि विंचवाचं टी६३.२, ते निदान झालं, पण चावला कसा हा बाहेरच्या कारणाचा कोड वेगळा, एक्स२० ने सुरू होतो. मग बिनविषारी चावला असेल तर? पायाला नुसती खूण आहे आणि माणूस घाबरलाय, तर? हे प्रश्न नर्सला दोन मिनिटांत कळतात, इंजिनियरला दोन महिने लागतात. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावसकर तिकडं कोकणात महाडकडं विंचूदंशाच्या पेशंटच्या उशाशी बसून नोंदी करत गेले आणि त्या नोंदीतून प्राझोसिनचा उपचार उभा राहिला, तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, रजिस्टरच होतं. शिस्तीत नोंद करणं हा अर्धा विषय नर्सला आधीच येतो, कोर्सवाले ते सांगत नाहीत.

इंजिनियरचं उलटं. त्याला कोड लिहिता येतो, पण हिमोग्लोबिन ७ असलेली गरोदर बाई आणि ७ असलेला किडनीचा पेशंट यांच्यासाठी अलर्ट वेगळा का हवा ते कळत नाही. त्यानं आरोग्याच्या बाजूचा कोर्स घ्यावा, एफएचआयआर शिकावं (म्हणताना "फायर" म्हणायचं, नाहीतर इंटरव्ह्यूत कळतं की नुसतं वाचलंय), स्नोमेड सीटी, म्हणजे वैद्यकीय शब्दांचा कोडसकट कोश, बघावं, भारत २०१४ पासून त्याचा सदस्य आहे त्यामुळं आपल्याकडं वापरायला पैसे पडत नाहीत, लॅबसाठी लॉइंक, एक्स-रे-सोनोग्राफीसाठी डायकॉम. आणि एखाद्या हॉस्पिटलात रिकाम्या दिवशी ओपीडीच्या केसपेपर खिडकीशी दोन तास उभं राहावं. ते कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.

सराव दोघांनाही घरी करता येतो. बाम्नी नावाचं ओपन सोर्स हॉस्पिटल सॉफ्टवेअर आहे, ओपनएमआरएस या पेशंट-रेकॉर्डच्या सॉफ्टवेअरवर बांधलेलं, छत्तीसगडच्या गनियारीत जन स्वास्थ्य सहयोगच्या दवाखान्यात पहिल्यांदा लावलं गेलं, म्हणजे आपल्यासारख्याच जागेसाठी केलेलं आहे. लॅपटॉपला रॅम बरी हवी. बनावट पेशंट तयार करून देणारं सिंथिया आहे, त्यातून हजार खोटे पेशंट काढा आणि खेळा. खऱ्या पेशंटचा डेटा पेनड्राइव्हवर घरी आणू नका, कितीही मोह झाला तरी, २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा आहेच आणि त्याच्याही आधी ती आपल्याच गावातल्या माणसांची दुखणी आहेत. माझ्या एका असाइनमेंटसाठी मी नावं काढून टाकून लॅबचा डेटा वापरला होता, तरी गाव आणि वय एवढ्यावरून माझ्या सहकाऱ्यानं पेशंट ओळखला, "हा तर आमच्या आळीतला." त्या दिवशी मला डी-आयडेंटिफिकेशन कळलं, पुस्तकातनं नाही.

मग कुणी काय घ्यावं. दिराला मी सांगितलं, जॉर्जिया टेकला अर्ज कर, नाहीच झालं तर इग्नूचं एमसीए करू नको कारण इंजिनियरिंग झालेलंच आहे, त्याऐवजी सहा महिने छोटे कोर्स, आयुष्मान डिजिटल मिशनच्या सँडबॉक्सवर, म्हणजे अ‍ॅप जोडून तपासायच्या चाचणीच्या जागेवर, रजिस्टर होऊन एखादं छोटं अ‍ॅप जोडून दाखव आणि मग हैदराबादचं तिकीट काढ. बीएस्सी-बीसीए झालेली जी पोरं एखाद्या हॉस्पिटलात बिलिंगला बसलीत त्यांना इग्नूचं एमसीए नाहीतर पीजी डिप्लोमा इन अप्लाइड स्टॅटिस्टिक्स, डोळे झाकून. डॉक्टर असाल, प्रॅक्टिस बरी चालते आणि पुढं मोठ्या संस्थेत किंवा परदेशी प्रोजेक्टवर जायचंय, तर परदेशी पीजी सर्टिफिकेट, मास्टर्सला एकदम हात घालू नका.

मावसबहिणीला मी आधी फुकटातलं दिलं, डीएचआयएस२ चा फंडामेंटल्स, बघू म्हणलं टिकतेय का. तीन आठवड्यांत संपवला, नाईट ड्यूटीला, मोबाइलवर, लाइट गेली की रुग्णालयाच्या जनरेटरवर. मग जॉन्स हॉपकिन्सला फायनान्शियल एडचा अर्ज, तो मंजूर झाला. त्यात अर्ध्यावर असतानाच तिनं स्वतःहून आयआयटीच्या पात्रतेचा फॉर्म भरला आणि मला नंतर सांगितलं. पात्रतेची परीक्षा रविवारी आहे आणि तिला शनिवारची नाईट लागलीय. बदली ड्यूटीसाठी तिनं एका सिस्टरला विचारलंय, त्या म्हणल्या घरी विचारून सांगते. दाजींनी गाडीचं बघतो म्हणलंय.